घर आणि बिऱ्हाड: बोडालची पडकी भिंत, काशीचा चौक

मराठीत 'घर' वेगळं आणि 'बिऱ्हाड' वेगळं. बंगालीतही हा भेद आहे: वाडवडिलांची ती 'बाडी', पोटापाण्यासाठी भाड्याने घेतलेली ती 'बासा'. कादंबरीकार हा फरक एका वाक्यात सांगून मोकळा होतो. पडद्यावर दोन्हीकडे त्याच भिंती, तीच चूल, तीच पितळी भांडी दिसतात. माणसं कुठे आपल्या घरात आहेत आणि कुठे बिऱ्हाडकरू म्हणून राहताहेत, हे संवादाशिवाय कळायचं तर कॅमेऱ्याला आणि दिव्यांना नेमकं काय वेगळं करावं लागतं? त्यासाठी हे प्रकरण घेतलं आहे.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' (१९५५) आणि 'अपराजितो' (१९५६) या दोन चित्रपटांत एकच कुटुंब आहे. हरिहर, त्याची बायको सर्बजया आणि मुलगा अपू. पहिल्या चित्रपटात अपूची बहीण दुर्गा आणि म्हातारी इंदिर ठाकरुणही आहेत, दुसऱ्यात त्या नाहीत. पहिलं घर निश्चिंदिपूर गावातलं, पडकं पण स्वतःचं. दुसरं काशीतल्या एका सामाईक घराचा तळमजला, भाड्याचा. चित्रणाची तीन मुख्य माणसं दोन्हीकडे तीच: दिग्दर्शक राय, छायाचित्रकार सुब्रत मित्र आणि कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त. पहिलं घर खरं, भाड्याने घेतलेलं. दुसऱ्याचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधलेलं. गंमत अशी की पडद्यावर जे 'घर' आहे ते युनिटसाठी भाड्याचं होतं आणि जे 'बिऱ्हाड' आहे ते युनिटने स्वतः उभारलेलं.

बोडाल

मूळ कादंबरीतलं निश्चिंदिपूर चित्रपटात उभं राहिलं ते कलकत्त्याच्या दक्षिणेला, गडियाजवळच्या बोडाल गावात. तिथे एक मोडकळीला आलेलं घर दरमहा ५० रुपये भाड्याने मिळालं. ते होतं तसं चालण्यासारखं नव्हतं. चंद्रगुप्तांनी त्याची डागडुजी केली, पण डागडुजीचा अर्थ इथे उलटा घ्यायचा. घर राहण्याजोगं करायचं नव्हतं, ते वाचता येण्याजोगं करायचं होतं. कॅमेरा जिथून बघणार तिथून अंगण, ओसरी, म्हातारीची खोपटी आणि बाहेरची वाट ही सगळी एकमेकांच्या नात्यात दिसायला हवी होती.

या घराचा कणा म्हणजे अंगणाची पडकी भिंत. चित्रपट पुन्हा पाहताना फक्त तिच्यावर लक्ष ठेवावं. ती बाहेरच्या जगाला अडवत नाही. तिच्या भगदाडातून वाट दिसते, झाडी दिसते, शेजारीण भांडायला येते, मुलं पळतात, म्हातारी बोचकं घेऊन जाते आणि परतही येते. हरिहर 'पैसे आले की दुरुस्ती करू' म्हणतो आणि ती होत नाही. एकाच भिंतीकडून तीन कामं झाली आहेत: गरिबी दिसते, गाव आत येतं, आणि पुढे वादळानंतर घर किती खचलं हे मोजायला खूण मिळते. हरिहर गावाहून परततो तेव्हा त्याला आधी घराची अवस्था दिसते, माणसं नंतर. आधीचं घर आपल्याला पाठ असल्यामुळेच ते अंगावर येतं.

पाठ होण्यासाठी युक्ती साधी होती: माणसांच्या बसायच्या जागा पक्क्या. म्हातारी अंगणाच्या पलीकडे, सर्बजया स्वयंपाकाच्या बाजूला, हरिहर ओसरीवर लिहीत. मधलं अंगण म्हणजे त्यांच्यातलं अंतर. सर्बजयेचा म्हातारीवरचा राग त्या मोकळ्या जागेतून जातो, आणि दुर्गा ती जागा दहादा ओलांडून चोरलेलं फळ म्हातारीला नेऊन देते. नवखे लोक प्रत्येक प्रसंगाला घराचा नवा कोपरा शोधतात, 'व्हरायटी' हवी म्हणून. त्याने घर मोठं दिसतं, आपलं होत नाही. तोच कोपरा, तीच उंची, शक्य तर तीच लेन्स घेऊन पुन्हा पुन्हा आल्यावरच एखादा कोपरा रिकामा झाला की ते जाणवतं. म्हातारी गेल्यावर तिची जागा मोकळी दिसते, आणि ते कुणाला सांगावं लागत नाही.

संध्याकाळचा तो एक प्रसंग या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. दिव्याच्या उजेडात अपूचं लिहिणं-वाचणं चाललंय, हरिहर जवळ आहे, सर्बजया दुर्गेचे केस विंचरतेय, पलीकडे म्हातारी सुईत दोरा ओवण्याची खटपट करतेय. दोरा काही जाता जात नाही. मग दूरवर आगगाडी वाजते. गोष्टीच्या दृष्टीने जवळजवळ काही घडत नाही, पण पाच माणसं एका दिव्याभोवती आपापल्या कामात आहेत आणि बाहेरचं जग फक्त आवाजाने आत येतंय. घर म्हणजे काय, याची इतकी नेमकी व्याख्या दुसऱ्या चित्रपटात शोधायला वेळ लागेल.

रात्र स्टुडिओत

दिवसाचे प्रसंग बोडालला घेतले आणि रात्रीचे आतले प्रसंग स्टुडिओत. जोड मात्र दिसत नाही. रात्रीच्या खोलीत प्रकाशाचं कारण चौकटीतच असतं, कंदील किंवा दिवा. त्याचा उजेड जेवढ्या भिंतीवर पडतो तेवढीच भिंत बांधावी लागते, बाकी अंधार सांभाळतो. खऱ्या घराशी जुळवायच्या गोष्टी मोजक्या उरतात: भिंतीचा पोत, दाराची जाडी, कडी-कोयंड्याची जागा, कोनाड्याची उंची. यातली एक चुकली तरी डोळा अडतो, कारण दिवसा प्रेक्षकाने ते दार पाहिलेलं असतं. खऱ्या जागेवर दाराच्या चौकटीचे फोटो मोजपट्टी धरूनच काढावेत, नुसते सुंदर फोटो सुताराच्या कामाचे नाहीत.

दुर्गेच्या शेवटच्या रात्रीचं वादळ असंच खोलीच्या आतून दिसतं. दार थडथडतं, खिडकीवरचा पडदा फुगतो, कोनाड्यातली गणपतीची मूर्ती हलते. पाऊस फारसा दिसत नाही. घराच्या सांध्यांवर वादळ ऐकू येतं. घर माणसांचं रक्षण करायचं सोडून देतंय, हे त्या दाराच्या आवाजाने कळतं.

लांबलेलं काम

पहिला दिवस २७ ऑक्टोबर १९५२. जागा बोडाल नव्हे, तर काश नावाच्या उंच फुलोऱ्याच्या गवताचं शेत, जिथे भावंडं आगगाडी बघायला धावतात. एक दिवसाचं काम झालं. पुढच्या रविवारी युनिट परतलं तर गुरांनी काश खाऊन टाकला होता. उरलेला प्रसंग पुढच्या मोसमासाठी थांबला. पुढे पैसे संपले, काम महिनोन् महिने बंद पडलं. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले, आणि नावात 'पथ' असल्यामुळे ते रस्ते सुधारण्याच्या खात्यातून आले हा किस्सा सर्वश्रुत आहे.

घराच्या चित्रणावर या खोळंब्याचा परिणाम काय झाला, हे इथे जास्त महत्त्वाचं. सर्बजया अपूला भरवतेय आणि उरलेला भात कुत्रा खातो, हा छोटा प्रसंग अर्धाच झाला. सहा महिन्यांनी परत आले तेव्हा ते कुत्रं मेलं होतं, तसंच दुसरं शोधावं लागलं. मिठाईवाल्याचं काम करणारे गृहस्थही दरम्यान वारले, त्यांच्या जागी दुसरे आले ते पाठमोरेच दिसतात. म्हातारीचं काम करणाऱ्या चुनीबाला देवी तर ऐंशीच्या घरातल्या, दिवसाला २० रुपयांवर काम करणाऱ्या. अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी झाली नाही आणि म्हातारी गेली नाही, हे तीन चमत्कार होते असं राय पुढे म्हणत.

या अडचणीत भाड्याच्या घराने मोठं काम केलं. माणसं, कुत्री, ऋतू सगळे बदलत होते तेव्हा भिंती जागेवर होत्या. आपल्याकडे आजही छोट्या निर्मितीत खरं घर चार दिवसांसाठी घेतात आणि पाचव्या दिवशी मालक तिथे टाइल्स बसवतो. काम लांबण्याची शक्यता असेल तर अंदाजपत्रकात दिवसभाड्याऐवजी महिन्याचं भाडं धरावं, आणि करारात 'रंग, दारं, झाडं यांत बदल नाही' हे स्पष्ट लिहून घ्यावं. झाडं आवर्जून. भिंत परत रंगवता येते, अंगणातला तोडलेला शेवगा परत लावता येत नाही.

खऱ्या जागेचे धोकेही खरे असतात. ध्वनिमुद्रक भूपेन घोष त्याच घराच्या एका खोलीत यंत्र घेऊन बसत. एकदा शॉटनंतर आवाज ठीक आला का म्हणून हाक मारली तर उत्तरच नाही. आत जाऊन पाहिलं तर खिडकीतून एक मोठा साप खाली उतरत होता. चित्रपटाच्या शेवटी कुटुंब बैलगाडीतून निघून गेल्यावर त्या घरात साप शिरतो, तो प्रसंग सुचायला कुणाला फार लांब जावं लागलं नसेल.

काशी: आकाश फक्त वरून

दुसऱ्या चित्रपटात घाट आणि गल्ल्या खऱ्या काशीतल्या आहेत. घराचा चौक मात्र कलकत्त्यात. पुण्या-नाशिकच्या वाड्यात राहिलेल्याला हा चौक लगेच ओळखू येईल: मधे उघडी जागा, भोवती ओसरी, वरच्या मजल्यावर दुसरे बिऱ्हाडकरू, जिना सामाईक. क्षितिज कुठूनच दिसत नाही. बोडालला घर चारी बाजूंनी सांडत होतं, इथे आकाशाचा एक चौकोनी तुकडा डोक्यावर आहे आणि उजेड फक्त तिथूनच येतो. 'बिऱ्हाड' या शब्दाचा अर्थ इथे प्रकाशाच्या दिशेत आला आहे. बाहेरचं जग भगदाडातून नव्हे, जिन्यावरून आणि दारातून येतं: माकडं येतात, वरचे नंदबाबू येतात. हरिहर आजारी असताना ते सर्बजयेच्या दिशेने पुढे सरकतात तेव्हा ती विळी उगारते. निश्चिंदिपूरला भांडायला आलेल्या शेजारणीसमोर ती अपमान गिळून उभी होती, पण अंगण तिचं होतं. इथे पायाखालची फरशीसुद्धा दुसऱ्याची.

मूळ बेत सेट उघड्यावर बांधण्याचा होता, म्हणजे वरून खरं आकाश मिळालं असतं. पावसाच्या भीतीने तो छपराखाली, स्टुडिओत न्यायचं ठरलं. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांचा याला विरोध होता. चौकातला उजेड बिनसावलीचा, सर्वत्र पसरलेला असतो, आणि स्टुडिओच्या दिव्यांनी तो आणणं अशक्य आहे, असं ते राय आणि चंद्रगुप्त दोघांशी भांडले. हरले. मग त्यातून मार्ग काढणं त्यांच्याच गळ्यात पडलं.

अडचण नेमकी काय होती, ती समजून घ्यावी. स्टुडिओचा दिवा हा प्रकाशाचा लहान उगम. वरच्या तराफ्यावरून तो खाली मारला की माणसाची कडक काठाची सावली पडते. ती मऊ करायला दुसरा दिवा लावला की दुसरी सावली. चौक ओलांडणारी बाई तीन-चार सावल्या घेऊन फिरते आणि त्या सावल्या तिच्याभोवती घड्याळाच्या काट्यांसारख्या वळतात. शिवाय दिवे भिंतींच्या वर असल्याने भिंतीचा वरचा भाग भगभगीत आणि पायाजवळ अंधार. प्रेक्षक याचं कारण सांगू शकत नाही, पण हे घर खोटं आहे एवढं त्याला कळतं. खऱ्या चौकात आकाशाचा अख्खा तुकडाच दिवा असतो. सावली असते ती पायाजवळ आणि भांड्याखाली, धुरकट. ओसरीत आत जावं तसा उजेड पायरी न पडता मंदावत जातो.

मित्रांनी चौकाच्या वर चौकटीवर पांढरं रंगवलेलं कापड आकाशासारखं ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. माणसांवर पडला तो फक्त परतलेला उजेड. आज ज्याला 'बाउन्स' म्हणतात आणि लग्नाचे फोटोग्राफरही सहज वापरतात, ती गोष्ट १९५६ मध्ये एका चौकासाठी, पावसाच्या भीतीमुळे झाली. मित्र तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. 'पथेर पांचाली'च्या पहिल्या दिवसाआधी त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा चालवलेला नव्हता, हे लक्षात घेतलं म्हणजे स्टुडिओची जुनी रीत त्यांना का बांधू शकली नाही तेही कळतं.

हाच चौक आज उभारायचा तर

पुढची मापं मित्रांची नाहीत, कामचलाऊ हिशोब आहे. चौक १२ बाय १२ फुटांचा धरू. वरचं कापड १६ बाय १६ हवं, म्हणजे चारी बाजूंनी दोन-दोन फूट जास्त. नाहीतर कडेला उभ्या माणसाला आकाश अर्धंच मिळतं. उंची जमिनीपासून १८ फुटांच्या आसपास. कापड मांजरपाटाचं चालेल, पण न धुतलेला मांजरपाट पिवळसर असतो. कृष्णधवलात त्याने बिघडत नाही, रंगीत चित्रणात सगळं घर किंचित उबदार होतं. ते हवं असेल तर ठीक, नको असेल तर पांढराशुभ्र घ्यावा. झोळ पडू देऊ नये, झोळाच्या पोटाशी उजेड साचतो.

दिवे सेटच्या भिंतींच्या मागच्या बाजूला, भिंतीच्या माथ्याच्या किंचित खाली, तोंड वर करून. प्रत्येकाचा झोत समोरच्या अर्ध्या कापडावर पडेल असा तिरपा, म्हणजे झोत एकमेकांवर चढतात आणि मधे एकच गरम ठिपका राहत नाही. उजेडाचा तोटा मोठा: थेट दिव्याच्या तुलनेत दोन ते तीन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे चार ते आठ पट वीज. जुन्या मंद फिल्मवर आणि तापणाऱ्या बल्बांवर हे काय काम असेल याची कल्पना करावी. आजच्या एलइडी आणि संवेदनशील कॅमेऱ्यांमुळे ही अडचण जवळजवळ संपली आहे, आणि तरीही मालिकांचे वाडे तीन सावल्यांचे दिसतात, ते का हे कोडंच आहे.

चुका बहुतेक ठिकाणी त्याच होतात. भिंतीच्या माथ्यावर थेट उजेडाची पट्टी गळते. कटर, म्हणजे उजेड अडवणारा काळा आडोसा, लावून ती मारावी, भिंत काळवंडून नव्हे. माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, कारण उजेड फक्त वरून येतो. अशा वेळी समोरून दिवा टाकण्याचा मोह होतो. खऱ्या चौकात हे काम फरशी करते, तीच उजेड वर फेकते. म्हणून सेटची फरशी फिकट दगडी रंगाची ठेवावी, शेणाने सारवलेली गडद जमीन घेतली तर चेहरे हमखास बुडतात. जवळच्या शॉटमध्ये कॅमेऱ्याच्या खाली थर्माकोलचा तुकडा पुरतो.

सगळ्यात मोठी चूक ओसरीत होते. चौकात आणि चार फूट आत ओसरीत दीड-दोन स्टॉपचा फरक असणं बरोबर आहे. मीटरवर तो फरक बघून घाबरतात आणि आत एक बेबी, म्हणजे छोटा स्टुडिओ दिवा, पेटवतात. त्या क्षणी ओसरीत दुसरं आकाश उगवतं. सर्बजया चुलीपुढे अर्ध्या अंधारात आहे आणि तिच्या मागे चौक उजळ आहे, हाच त्या बिऱ्हाडाचा स्वभाव. तो पुसला की उरतो नुसता सेट.

काशीच्या या भिंतींवरच्या करड्या छटा नीट बघायच्या तर २०१५ मध्ये पुनरुज्जीवित झालेली प्रतच घ्यावी. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत मूळ निगेटिव्ह होरपळल्या होत्या. त्यातले वाचलेले भाग इटलीत बोलोन्याला जपून सोडवले गेले. आधीच्या घासलेल्या प्रतींत ओसरी म्हणजे काळा डाग दिसे आणि कापडाची सगळी मेहनत पाण्यात जाई.

सेट तयार झाल्यावर कॅमेरा लावण्याआधी एक चाचणी करावी, तिला दोन मिनिटं लागतात. चौकाच्या मध्यावर पांढरा कागद ठेवून त्यावर पेन्सिल उभी धरायची. बुडाशी फक्त मळकट छाया दिसली तर आकाश जमलं. रेघेसारखी सावली पडली तर एक दिवा कापड चुकवून खाली येतोय, दोन रेघा म्हणजे दोन दिवे. मग तोच कागद ओसरीत न्यायचा. तिथे पेन्सिलीची सावली चौकापासून दूर, चुलीच्या दिशेने पडायला हवी. ती उलटी चौकाकडे वळली असेल तर आत कुणीतरी गुपचूप बेबी लावलाय. तो काढून घ्यायचा आणि शॉट लावायचा.